कल्हईचा प्याला

ये गं बाई, जवळ ये. कागदावर का होईना, पण अशी माझ्याजवळ सरकून बस, म्हणजे आधी तुझा कान धरते आणि मग सांगते. दोन नाताळ गेले, तू इकडं फिरकली नाहीस. शहरात देवाचं शास्त्र शिकायला गेलीस, उद्या पाळक होशील, मंडळीपुढं उभी राहशील, सगळं चांगलं आहे. पण सणाला आजी आठवली नाही आणि निबंधाला बरी आठवली! म्हणे, "आजी, आपल्या गावच्या देवळात प्रभुभोजनाचा मोठा प्याला होता म्हणतात ना? तो बंद का झाला?"

फोनवर सांगण्यासारखं ते नाही गं. म्हणून लिहायला बसले. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, लग्नानंतर शास्त्र मांडीवर उघडून, ओळीवर बोट फिरवत मला वाचायला शिकवलं. लिहायचं मी आपली आपणच शिकले. तेव्हा चुका काढत बसू नकोस. मी काही तुझी रक्ताची आजी नव्हे; तुझे वडील पाळक म्हणून आमच्या गावी आले, तेव्हा तू अंगावर पिणारी होतीस. ह्यातलं तुला काही आठवायचं कारण नाही, आणि तुझ्या वडिलांनीही कधी सांगितलं नसणार. ते का, हे पुढं कळेलच.

प्याला पितळेचा होता, आतून कल्हई. द्राक्षाचा रस आमच्या धारूरच्या डोंगरात कुठला? मनुका आदल्या दिवशी भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायच्या. कल्हई नसली तर पितळेला लागून रस कळकतो, म्हणून दर वर्षी कल्हईवाला आला की पहिला प्याला, मग घरची भांडी. चिंच आणि राख लावून मी तो घासायची. भोजनाच्या दिवशी प्रभूची आठवण म्हणून पाळक भाकर मोडायचे आणि हे प्याला घेऊन रांगेतून फिरायचे. एकानं घोट घेतला की पांढऱ्या फडक्यानं काठ पुसायचा, थोडा फिरवायचा, पुढच्याला द्यायचा.

हे काम ह्यांच्याच घरात का, त्याची गोष्ट माझी सासू सांगायची. फार पूर्वी आमच्या गावचा मांगवाडा आणि महारवाडा दोन्ही ख्रिस्ती झाले. झाले, पण देवळात बसायचे दोन बाजूंना. पहिल्या भोजनाला प्याला मांगवाड्यात फिरला आणि पलीकडं गेला, तर एकही हात पुढं येईना. तेव्हा माझी आजेसासू उठली. ती सुईण होती. प्याला हातात घेऊन पलीकडच्या बायांपुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तुमची समदी लेकरं माज्या हातावर पडली. पयला मध म्या चाटीवला. तवा माजं बोट चाललं, आन् आता उष्टं चालंना व्हय?" आधी एक बाई हसली, मग दुसरी. मग प्यायल्या. त्या दिवसापासून आमची मंडळी एक झाली असं सासू म्हणायची. बाप्तिस्म्यानं नाही, त्या घोटानं.

आता हेही ऐक, की गावच्या हॉटेलात आमची कपबशी बाहेर असायची, छपराच्या वाशाला खोचलेली. आपण काढायची, त्यानं वरून चहा ओतायचा, आपणच विसळून परत खोचायची. देवळातल्या प्याल्याची किंमत त्या वाशाखाली उभं राहिल्याशिवाय कळायची नाही.

मग ते दिवस आले, बाजारात सगळं नवंनवं यायला लागलं. माळवदांवर टीव्हीच्या छत्र्या लागल्या. नायलॉनचे दोर आले आणि ह्यांनी वळलेला अंबाडीचा दोर कुणी हातात धरीना. हॉटेलवाल्यानं सिरसाळ्याच्या बाजारातून प्लास्टिकचे कप आणले, प्यायचे आणि फेकायचे. वाशाची कपबशी निघाली. माझा धाकटा दीर नाचत घरी आला, "दादा, शिवाशिव गेली बग गावातून!" हे म्हणाले, "गेली कुटं? आदी आपला कप तेवढा येगळा हुता, आता समद्यांचे येगळे झाले. कुनी कुनाचं उष्टं पीत न्हाई आन् समदे खूश."

त्याच सुमारास पाटलाच्या घरचे देवळात यायला लागले. त्यांची सून बाळंतपणात जाता जाता वाचली होती, आणि तुझ्या वडिलांनी दाराशी बसून तिच्यासाठी प्रार्थना केली होती. पाटलीणबाई स्वतःची सतरंजी आणायच्या, दाराजवळ अंथरून बसायच्या. पोरी, तुझे वडील तेव्हा किती हरखले होते! आपलं देऊळ म्हणजे गायरानावरचा पत्रा. अतिक्रमण म्हणून कधीही उचलतील. पाटील पंचायतीत वजनदार. जागा मंडळीच्या नावे करायचा ठराव मी घेतो, असं त्यांनी तोंडानं सांगितलं होतं. पण भोजनाच्या दिवशी प्याला निघायच्या आधी सतरंजी गुंडाळली जायची. ते तुझे वडील बघायचे, आम्हीही बघायचो.

एके दिवशी भक्ती सुटल्यावर तुझ्या वडिलांनी सगळ्यांना थांबवलं. पाटलाच्या घरचेही होते. म्हणाले, "आपण छोटे ग्लास आणू. शहरातल्या मंडळ्यांत आता तेच आहे. आरोग्याला बरं. मामांना छातीचा आजार होऊन गेलाय, कुणाच्या मनात भीती नको."

मामा म्हणजे हे. टीबी झाला होता, गोळ्यांचा कोर्स पुरा झाला होता, आता ह्यांच्यापासून कुणाला धोका नाही असं सरकारी डॉक्टर म्हणाले होते. खोकला तेवढा राहिला होता.

दीर लगेच म्हणाला, "बराबर हाय. टीव्हीवर दावत्यात जंतू. आसे वळवळत्यात!"

मागून एक म्हातारी ओरडली, "तुज्या रांजनात बग आदी मुडद्या, टीव्हीपरीस जास्त निगतील!"

सगळे हसले. हसणं थांबल्यावर हे उठले. म्हणाले, "सायेब, माज्या खोकल्यापायी आसंल तर सोपं हाय. समद्यांचं झालं की शेवटाला मी घेतो. माज्या मागं कुनी न्हाई. प्याला तेवढा ऱ्हाऊ द्या."

तुझ्या वडिलांची नजर दाराजवळच्या सतरंजीवर गेली आणि परत आली. सगळ्यांनी ती पाहिली. वाईट हेतू नव्हता गं त्यांचा. त्यांना छप्पर राखायचं होतं. हळू आवाजात म्हणाले, "मामा, प्रभू काही प्याल्यात नसतो, आपल्या विश्वासात असतो. रस तोच, आशीर्वाद तोच."

"तुमी शिकलेले हाव, खरं आसंल. पर सायेब, माजा इस्वास माज्या छातीत, तुमचा तुमच्या. एकमेकाला दिसंल आसा तर ह्योच हुता."

ग्लास हवेत त्यांना हात वर करायला सांगितलं. पहिले हात आमच्याच वाड्यातून वर गेले. मी त्यांना दोष देत नाही. जन्मभर वाशाची कपबशी विसळलेल्या माणसाला पाटलीणबाईच्या हातातल्यासारखाच कोरा ग्लास मिळत असेल, तर तो कशाला नाही म्हणेल?

पुढच्या भोजनाला छोट्या ग्लासांचं तबक फिरलं. मी घेतला. चव तीच होती. ह्यांनी तबक धरलं आणि ग्लास न उचलता शेजाऱ्याला दिलं. त्यानंतर दर वेळी तसंच. लोक म्हणायचे म्हातारा हट्टी आहे. हट्टी माणूस आपल्या हट्टात सुखी असतो, हे सुखी नव्हते. जेवताना घास हातात धरून मला विचारायचे, "परभू म्हनला, जो हे घेत न्हाई त्याच्यात जीवन न्हाई. मग माज्यात हाय का गं?" मी आमटी वाढायची.

छाती आधीच पोखरलेली होती. अंथरुणाला खिळले, तेव्हा तुझे वडील दुपारी घरी आले, छोटा ग्लास रुमालात गुंडाळून. हे मला म्हणाले, फळीवरचा प्याला काढ. मी काढला, त्यांनी आणलेला रस त्यात ओतला. ह्यांनी दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, "सायेब, एक घोट मी घेतो. उरलेला तुमी घ्या. मग माजं भोजन मंडळीसंगं झालं."

तुझ्या वडिलांनी हात पुढं केला. खरंच केला, मी शपथेवर सांगते. मग तो तिथंच थांबला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "मामा," म्हणाले, "घरात लहान लेकरू आहे हो."

ते लेकरू म्हणजे तू.

ह्यांनी प्याला मागं घेतला. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "लेकराला जपा." आणि प्याला तसाच भरलेला खाली ठेवला. मी म्हटलं, मी घेते की तुमच्यासंगं. तर हसले. "तू घरची. आपलं उष्टं रोजचंच. त्याला मंडळी म्हनत्यात व्हय?"

तसेच गेले. मातीनंतर मी तुझ्या वडिलांना विचारलं, हे आता कुठं असतील? ते म्हणाले, देव दयाळू आहे. दयाळू आहे हे मलाही ठाऊक आहे. मला विचारायचं होतं ते दुसरंच, की ह्यांना मंडळीनं बाहेर ठेवलं का ते आपल्या पायानं बाहेर गेले? तुझ्या पुस्तकांत उत्तर असलं तर निबंधात लिही. मला अजून मिळालेलं नाही.

पुढं निवडणूक आली. पाटील बाटला, अशी आवई विरोधकांनी उठवली. पुढच्या रविवारी दाराजवळची सतरंजी नव्हती, ती परत कधी आलीही नाही. ठराव झाला नाही, पत्रा अजून गायरानावरच आहे. ग्लास मात्र राहिले. आता तर फेकायचे आणतात. भक्ती सुटली की देवळामागं ढीग पडतो आणि वारा सुटला की गावभर उडतो. दोन्ही वाडे पुन्हा दोन बाजूंना बसायला लागलेत. कुणी ठरवलं नाही, कुणी भांडलं नाही. मी मध्ये बसते, माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी असते.

तुझ्या वडिलांचा राग नाही मला. लेकराला जपणाऱ्या बापाला काय बोलायचं? त्याच लेकराला पुढं मीच कडेवर घेऊन गावभर हिंडले.

प्याला माझ्या ट्रंकेत आहे. कल्हई उडाली, आतून पिवळा पडलाय. कल्हईवाला आता येत नाही. धारूरच्या बाजारात चौकशी केली तर दुकानदार हसला, "मावशी, स्टीलचा घ्या की." कधी कधी काढून पुसते. पण एकटीनं प्यायलं तर ते मनुक्याचं पाणी, दुसरं काही नाही. दिराला विचारून पाहिलं, तो म्हणाला, वहिनी, आता कशाला जुनं उकरता?

तू येणार असशील तर आधी कळव, म्हणजे मनुका भिजत घालते. कल्हई नसली तरी ओतल्याबरोबर प्यायलं तर रस कळकत नाही. तुला तोंड लावावंसं वाटलं नाही तर लावू नकोस, बळजबरीचं ते भोजन नव्हे. मला फारशी आशाही नाही, खरं सांगते. हल्ली मलाही खोकला आहे. थंडीचा आहे म्हणतात, पण तुला आधी सांगितलेलं बरं.

तरी ये. निबंध झाला की ये, नाही झाला तरी ये. पण लवकर ये गं.