वडिलांचं कपाट आणि मखमलीचा पडदा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट खोली दिसते. एका बाजूला रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी, दुसऱ्या बाजूला मागच्या अंगणाचं दार, खाली गुळगुळीत फरशी. सकाळचा प्रकाश खिडकीतून आत येऊन थेट दारापर्यंत पोचलेला. एवढ्यावर थांबलं असतं तर नेपथ्य उत्तम होतं. पण खोलीच्या मधोमध आठ माणसांचं जेवणाचं टेबल उभं आहे. टेबलाला खेटून एक रुंद पलंग आहे. आणि मागची अख्खी भिंत अडवून बसलं आहे एक कपाट. कपाट म्हणजे लहानसं घरच ते. तीन दारं, मधल्या दाराला आरसा, डोक्यावर कोरीव महिरप आणि खाली असे पाय, की एखाद्या हत्तीने वापरून परत केले असावेत.

बाहेर हातगाडी थांबते. गाडीवर शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, एक पत्र्याची पेटी. आणि दारातून प्रवेश होतो तो पडदेवाल्या बाईंचा. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, केस घट्ट बांधलेले, गळ्यात मोजायची टेप. मागोमाग त्यांची धाकटी बहीण, हातात कात्र्यांची पिशवी आणि जिभेवर त्याहून धारदार ऐवज.

बाई उंबऱ्यातच थांबल्या.

"मालक," त्या म्हणाल्या, "खोली रिकामी द्यायचं ठरलं होतं."

"रिकामीच आहे की!" मालक स्वागताला उभे होते. गोल चेहऱ्याचे, सदा हसरे, कुणाला नाही म्हणायची वेळ आली तर आजारी पडणारे गृहस्थ. "आत माणूस दिसतोय का कुणी?"

"हे सामान?"

"ते असू द्या हो. तुमच्याच कामी येईल. टेबलावर जेवा, पलंगावर आडव्या व्हा, कपाटात कपडे ठेवा."

"मला फरशी हवीय, मालक."

"फरशी आहे ना खाली."

"आहे तर," धाकटी म्हणाली. "टेबलाखाली आहे, पलंगाखाली आहे. चल ताई, रांगत रांगत शिवू."

मालक मनापासून हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

बाईंना फरशी कशासाठी हवी होती, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पडद्यांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत काढली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, धाकटीचा संसार मोडला तशी ती ताईकडे राहायला आली. दुकानदार माणूस वाईट नव्हता, पण त्याचा एक नियम होता. कापड तो कापणार आणि बाई शिवणार. "कात्री माझी, सुई तुझी," असं तो रोज सकाळी म्हणायचा आणि रोज त्यावर स्वतःच हसायचा. बाईंनी कापणं शिकून घेतलं ते त्याच्या हाताकडे बघून बघून, टाके घालता घालता. मग एक दिवस नोकरी सोडली. दुकानदार रागावला नाही, त्याने नुसती मान डोलावली. "तुझी जागा ठेवतो हो. चार महिन्यांत परत येशील."

बाहेर पडल्यावर पहिलं मोठं काम मिळालं ते एका शाळेच्या सभागृहाचं. रंगमंचाचा दर्शनी पडदा, गडद लाल मखमलीचा. हा पडदा चांगला झाला तर बाई आपल्या पायावर उभ्या. बिघडला तर पुन्हा तीच मागची खोली आणि तोच रोजचा विनोद.

आता मखमलीची गंमत अशी, की तिला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर ती लोण्यासारखी लागते, उलट फिरवला तर अडते. आणि उजेड पडला की सुलट कापड उजळ दिसतं, उलटं काळपट. एवढा मोठा पडदा एका तुकड्यात होत नाही. उभे पट्टे कापून एकमेकांना जोडतात. त्या सगळ्या पट्ट्यांची लव एकाच बाजूला हवी. म्हणून जोडण्याआधी सगळे पट्टे जमिनीवर शेजारी शेजारी अंथरायचे, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं आणि डोळे बारीक करून बघायचं. जो उलटा पडला असेल तो तिथूनच ओरडून सांगतो. जवळून हात लावून कळत नाही असं नाही, पण दिवसभर मखमल चोळल्यावर हात खोटं बोलायला लागतात. बाईंचा भरवसा लांबून बघण्यावर होता, आणि लांबून बघायला लांब खोली लागते. या खोलीत तर टोकापासून टोकापर्यंत नजरसुद्धा अडखळत जायची.

"दादाला विचारून सांगतो," मालक पहिल्या आठवड्यात म्हणाले. "वडिलांचं सामान आहे ना. दादाचा फार जीव त्यात. त्याच्याकडे जागा झाली की नेईल."

दुसऱ्या आठवड्यात मालकांना सर्दी झाली. तिसऱ्या आठवड्यात पाठ धरली.

"पुढच्या वेळी त्यांना कावीळ होईल," धाकटी म्हणाली. "तू विचारणं बंद कर, नाहीतर एका कपाटापायी माणूस जायचा."

शेवटी बाईंनी आहे त्यात भागवायचं ठरवलं. टेबलावर कापायचं, पट्टा पलंगावर सरकवायचा, तिथून घडी करून मशीनवर घ्यायचा. धाकटी पलंगावर उभी राहून एक टोक धरायची, बाई टेबलाला वळसा घालून दुसरं टोक आणायच्या. आरशात दोघींची प्रतिबिंबं तेच काम उलट्या बाजूने करायची.

"त्या आतल्या दोघींना सांग जरा हात लावायला," धाकटी म्हणायची. "नुसत्या नकला करतात मेल्या."

पडदा शिवून झाला. शाळेत नेऊन टांगला. नाटक बसवणाऱ्या शिक्षिका टाळ्या वाजवत आल्या, दिवे लावले, आणि टाळ्या तिथेच थांबल्या. पडद्याच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, एक पट्टा काळा दिसत होता.

"यावर पाणी सांडलं का हो?" शिक्षिकांनी विचारलं.

बाईंनी त्या पट्ट्यावरून हात फिरवला. टेबलाला वळसा घालताना कधीतरी तो पट्टा उलटा फिरला होता. दुकानातला शिकाऊसुद्धा ही चूक करत नाही. पण दुकानात मोकळी जमीन होती.

"उलटा लागलाय," त्या शेवटी म्हणाल्या. "काढून पुन्हा जोडते. शनिवारपर्यंत वेळ द्या मला."

"शनिवारी नाही झाला, तर आम्हाला जुनाच लावावा लागेल," शिक्षिका म्हणाल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत, पण त्यांनाही नाटक उभं करायचं होतं.

पडदा उतरवून घरी आणला. त्या संध्याकाळी बाई पुन्हा मालकांकडे गेल्या नाहीत. त्या गेल्या दादांकडे, चार गल्ल्या पलीकडे. दादा म्हणजे मालकांचीच थोरली आवृत्ती, फक्त केस कमी आणि आवाज जास्त. बाईंनी सामानाचा विषय काढताच त्यांनी दोन्ही हात वर केले.

"छे छे, मी कसा हात लावू? धाकट्याचा जीव आहे त्यात! त्यासाठी तर त्याने खोली इतकी वर्षं भाड्याने दिली नव्हती. त्याला दुखवू नका हं."

बाई घरी आल्या आणि पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"काय म्हणाले?" धाकटीने विचारलं.

"तो म्हणतो याला हवंय. हा म्हणतो त्याला हवंय."

"आणि हवंय कुणाला?"

"कुणाला नाही."

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो, असं म्हणतात. दोघांच्या प्रेमात तिसऱ्याचं काय होतं, ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. आईवडील गेल्यावर या दोन भावांनी घरदार कुरबुर न करता वाटून घेतलं, इतकं समजुतीने की लोक उदाहरण द्यायचे. फक्त या खोलीशी आल्यावर गाडी अडली. वडिलांची वस्तू नको म्हणायची कशी? मग दोघांनीही ती मोठ्या मनाने एकमेकांना दिली आणि ती होती तिथेच राहिली. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती कपाटाची सख्खी बहीण होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन निरोप धाडले. दादांना सांगितलं, "तुमच्या भावाने बोलावलंय." मालकांना सांगितलं, "दादा सामान बघायला येताहेत." आणि तिसरा निरोप सुताराला.

सगळी पात्रं वेळेवर आली. टेबलाची आणि पलंगाची जोडणी सुताराने बघता बघता सोडवली आणि फळ्या अंगणात नेऊन ठेवल्या. दोघे भाऊ भिंतीला टेकून, लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे उभे. मग सुतार कपाटाकडे वळला. पुढून पाहिलं, मागे हात घातला, दाराकडे पाहिलं, पुन्हा कपाटाकडे पाहिलं.

"हे दारातून आत आलेलंच नाही," तो म्हणाला. "इथेच बसून बांधलंय. सांधे सगळे पक्के. न्यायचं तर कापावं लागेल."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दादा, तू सांग," मालक म्हणाले. "तू मोठा."

"खोली तुझी. तू सांग."

"पण कपाट तुझ्या आवडीचं."

"माझ्या?" दादा म्हणाले. "अरे, वडिलांनी मला लहानपणी यात कोंडलं होतं. अजून डांबरगोळ्यांचा वास आला की मला घाम फुटतो."

मालक बघतच राहिले. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुला हवंय म्हणून! तू रोज पुसतोस, असं तुझ्या बायकोने सांगितलं."

"तू आलास तर वाईट वाटू नये म्हणून पुसतो रे."

"घ्या," धाकटी बाईंच्या कानात म्हणाली. "आता हे एकमेकांच्या गळ्यात पडून रडणार, आणि कपाट इथेच."

ती फार चुकली नव्हती. एवढं सगळं उघड होऊनही 'काप' हा शब्द दोघांच्याही तोंडून निघेना. एक तोंड उघडायचा आणि दुसऱ्याकडे बघून मिटायचा. सुतार करवत मांडीवर घेऊन खाली बसला. त्याने अशी माणसं पुष्कळ पाहिली होती. खिडकीतला प्रकाश फरशीवर सरकत होता आणि शनिवार जवळ येत होता.

बाई पुढे झाल्या. "एकच विचारते. हे कपाट ज्याला घरी न्यायचंय, त्याने हात वर करावा."

दोन भाऊ, चार हात. चारही खाली.

"मालक, मग मी सांगू याला?"

मालकांनी दादांकडे पाहिलं, दादांनी छताकडे. मग मालकांनी मान हलवली, अगदी थोडी, माशी उडवावी तशी.

बाईंनी कमरेच्या पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला. टेपने कपाटाची रुंदी घेतली, मध्य काढला, आणि महिरपीपासून पायांपर्यंत एक सरळ रेघ ओढली. हात कुठे थांबला नाही. आरशावरही रेघ तशीच उतरली.

"आरसा आधी काढून घे," त्या सुताराला म्हणाल्या. "मग इथून."

करवतीचा पहिला आवाज आला तेव्हा दोघे भाऊ खिडकीपाशी जाऊन रस्त्यावरची वर्दळ बघत होते. त्या वेळी रस्त्यावर वर्दळ नव्हती. थोड्या वेळाने दादांनी धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला. नंतर दोघांच्याही पाठी हलायला लागल्या. ते हसत होते की काय करत होते, हे मागून कळत नव्हतं, आणि बाईंना तेव्हा बघायला सवड नव्हती. त्या फरशी झाडत होत्या.

महिरप अखंड निघाली असती, पण रेघ तिच्यावरूनही गेली होती. तिचे दोन तुकडे सुताराने अंगणात ठेवले. "तू घे," मालक म्हणाले. "छे, तुलाच असू दे," दादा म्हणाले. धाकटीने दोन्ही उचलले आणि त्यांच्यावर फडकी वाळत घातली. विषय तिथे संपला.

बाईंनी चुकीच्या पट्ट्याची शिवण उसवली. मग सगळी मखमल खोलीभर अंथरली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्या अंगणाच्या दाराशी गेल्या, वळल्या, डोळे बारीक केले. एक पट्टा सोडून सगळी जमीन एकसारखी लाल होती. त्यांनी तो पट्टा फिरवला, परत दाराशी गेल्या, परत पाहिलं. मग तो जोडायला घेतला.

पडदा शुक्रवारीच टांगला गेला. शिक्षिकांनी दिवे लावले, खालून पाहिलं, वरून पाहिलं, आणि शेजारच्या शाळेलाही एक हवा आहे, असं जाता जाता सांगून गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी मालक खोलीच्या दाराशी आले. आत निळं कापड पसरलं होतं आणि बाई त्याच्या पलीकडच्या टोकाला उभ्या होत्या. मालकांनी रिकाम्या भिंतींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"फारच भकास वाटतं हो," ते म्हणाले. "तुम्हाला टेकायलासुद्धा काही नाही. दादाकडे एक आरामखुर्ची पडून आहे. चांगली दणकट, वडिलांचीच. तो म्हणाला, बाईंना हवी असेल तर आजच पाठवतो."

बाईंनी कापडावरची नजर काढली नाही.

"दादांना सांगा," त्या म्हणाल्या, "बाई उभ्यानेच काम करतात."