जादूगाराचं उपोषण

जगात अशी एकही वस्तू नाही, जिच्यात सुधारणा सुचवल्याशिवाय आमचे येळ्ळूरचे मामा तिला हात लावतील. लग्नात जेवायला बसले तर पंगतीचं तोंड चुकीच्या दिशेला असतं, देवळात गेले तर घंटा वीतभर खाली हवी असते. सीमाभागातला माणूस पाळण्यातच निवेदन द्यायला शिकतो हे खरं, पण मामांनी त्यात जी मजल मारली तिला तोड नाही. ते एका ऑनलाइन खेळाला निवेदनं देतात.

हा खेळ राजे, राक्षस आणि जादूगारांचा, वर्षानुवर्षं चालत आलेला. मामांच्या मुलानं कॉलेजात असताना तो घरच्या कॉम्प्युटरवर घातला आणि बापाला पांढऱ्या दाढीचा एक जादूगार करून दिला. स्वतः झाला धनुर्धारी. आता तो जर्मनीत नोकरीला आहे आणि कारखान्यातून निवृत्त झालेले मामा इकडे राक्षस मारत असतात. पण मारण्यापेक्षा त्यांचं लक्ष त्रुटींकडे. "अरं, घोडा दिसभर पळतोय आणि वैरणीचा पत्ता न्हाय! बघवतंय काय तुला?" असं त्यांनी मला एकदा खडसावलं, जणू घोडा माझाच होता. तिथल्या शेतात भात बारा महिने हिरवंगार उभं, कापणीच नाही, हे पाहून बासमती पिकवणाऱ्या गावच्या या माणसाचा जीव तीळतीळ तुटतो. मारलेला राक्षस आठवड्यानं पुन्हा उठून येतो, तेही त्यांना पसंत नाही. "एकदा मारलेल्याला परत मारायचं म्हंजे बरं दिसत न्हाय," म्हणाले. हे सगळं ते शुद्ध मराठीत कंपनीला कळवतात आणि खाली 'आपला नम्र' घालतात. उत्तर इंग्रजीत येतं, आभारी आहोत म्हणून. मामा ते मामीला मोठ्यानं वाचून दाखवतात, "दखल घेतलीया गं!" मामी म्हणते, "घेऊंद्यात की. तुम्ही आधी मोरीतल्या नळाची घ्या, गळतोय त्यो."

गेल्या वर्षी कंपनीनं जाहीर केलं की खेळातलं सगळ्यात जुनं गाव पाडून तिथं नवी चकचकीत नगरी उभारणार. मामा पेटले. मला वाटलं, हे नेहमीचंच. पण त्या दिवशी चहा घेता घेता ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "त्या गावच्या विहिरीवर आम्ही बाप-लेक रविवारी बसायचो रं. फोनवर बोललो की शेत विकायचं का ठेवायचं यावरनं भांडण. तिथं कधी भांडलो न्हाय. आता रागानं तिथंबी येत न्हाय त्यो. उद्या आलाच, तर बसायला जागा नको?" मामांची थट्टा करायची सवय मला लहानपणापासूनची, पण तेव्हा मी नुसता त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. फार वाईट वाटलं.

निवेदनाला दाद मिळेना, तेव्हा मामांनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पुढचं पाऊल उचललं. एका रविवारी सकाळी त्यांचा जादूगार विहिरीच्या कट्ट्यावर आमरण उपोषणाला बसला. या खेळाचा नियम असा, की आपल्या माणसाला खायला घातलं नाही तर त्याची ताकद उतरत जाते आणि शेवटी तो कोसळतो. मामा त्यावर भलतेच खूश. "बघ, उपोषणाची सोय आधीच करून ठेवलीया!" पण खेळणारे देशोदेशीचे. उपोषण म्हणजे काय हे त्या बिचाऱ्यांना कुठलं ठाऊक? त्यांना दिसला एक उपाशी म्हातारा. जो येई तो कनवाळूपणे काहीतरी ठेवून जाई. पाव आले, सफरचंदं आली, बघता बघता जादूगाराच्या दाढीपर्यंत ढीग लागला. "उपोषणाला बसलेल्या माणसाम्होरं कोंबडी ठेवत्यात! भाजलेली!" मामा थयथयाट करत होते. हा माणूस मुद्दाम उपाशी बसलाय, असं मी इंग्रजीत लिहून पाहिलं. तर एकानं लगबगीनं औषधाची बाटली आणून ठेवली. मी पोट धरून हसत होतो, मामी पदर तोंडाला लावून हसत होती, आणि जादूगाराची ताकद झरझर उतरत होती.

तेवढ्यात पलीकडून एक धनुर्धारी आला. ढिगाला वळसा घालून तो सरळ विहिरीपाशी गेला. त्यानं काहीही वाढलं नाही. नुसता जादूगाराला खेटून बसला. मामा खुर्चीत पुढे सरकले.

मग पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं, "आप्पा, साखळी उपोषण करूया. आता तुम्ही खावा, मी बसतो."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग जादूगाराला त्या ढिगातला पाव खाऊ घातला, आणि मामीला हाक मारली, "अगं ए, हिकडं ये. पोरगं आलंय."

गाव पुढच्या महिन्यात पाडलंच. शेताचा निकाल अजून लागलेला नाही. नव्या नगरीत विहीर नाही, म्हणून ते दोघं दर रविवारी बाजाराच्या एका पायरीवर बसलेले असतात, बहुतेक वेळा काही न बोलता. ती नगरी मामांना मुळीच आवडलेली नाही. पण सुधारणेचा विषय काढला की हात झटकतात. "ऱ्हाऊं दे रं," म्हणतात, "पोरगं येतंय न्हवं."