जाळीतली फट

नवा रायपूरला क्वार्टर मिळालं तेव्हा मी चांगलीच भडकले होते. जुन्या शहरातल्या चौबे कॉलोनीतली भरली वस्ती सोडून या भाठ्यावर, म्हणजे मुरमाड माळावर, राहायला यायचं आणि कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी गाडी काढायची! आमच्या ह्यांना मात्र पहिल्याच उन्हाळ्यात हरणं दिसली आणि ते तिथले झाले. माळावरचं गवत वाळलं की कळप आमच्या गच्चीसमोरून रस्ता ओलांडून तलावाकडे जायचा, पाऊस लागला की परतायचा. आसपास दुसरं पाणीच नव्हतं. ऑफिसातून आले की हे थेट गच्चीवर. इतक्या सवती एकदम कुणाच्या नशिबी येतात, असं मी म्हणायचे.

मग रस्ता रुंद झाला आणि मधोमध पुरुषभर उंच जाळी लागली. ह्यांचा जीव नुसता खालीवर. आता ती पाण्याला जाणार कुठून? हिवाळाभर ह्यांनी तिथल्या इंजिनिअरचा पिच्छा पुरवला, घरी आणून चहा-चिवडा खाऊ घातला. शेवटी कंटाळून त्यानं जाळीत चार-पाच हात जागा मोकळी सोडली. त्या दिवशी हे जिलेबी घेऊन आले. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू.

ती फट हरणांच्या आधी माणसांना सापडली. गाडी वळवायची पुढची जागा लांब, म्हणून मोटरसायकली तिथून घुसू लागल्या. त्या थांबतात म्हणून गुपचुपचा, म्हणजे पाणीपुरीचा, ठेला लागला आणि ठेल्यामागं पोट्टे आले. हे एकेकाला हात जोडून समजवायचे. लोक ‘हव भैया, हव’ म्हणत आणि आणखी एक प्लेट मागत. मी ठेलेवाल्याशी कडाकडा भांडले, तर तो बिचारा म्हणाला, दुसरीकडे गिऱ्हाईकच मिळत नाही. त्याला तरी काय बोलणार?

वैशाखात एका संध्याकाळी कळप आला. पुढची मादी फटीपाशी येऊन थांबली. सगळ्यांचे मोबाइल वर झाले, आणि तिनं इकडे बघावं म्हणून कुणीतरी शिट्टी मारली. कळप उधळला, उलट फिरला, आणि एक पाडस गाडीखाली आलं. हे अनवाणीच धावत गेले. परतले तेव्हा शर्ट रक्तानं भरला होता. मला इतका संताप आला होता, आणि काढायचा कुणावर तेच कळेना.

पुढं रस्तेवाल्यांनी ती फट वेल्डिंग करून बंद केली. यंदाच्या उन्हाळ्यात कळप आलाच नाही. हे तरी रोज गच्चीवर उभे. पाऊस तोंडावर आला तेव्हा मला राहवलं नाही.

“दुसरीकडे पाणी भेटलं असंल त्यायले,” मी म्हटलं. “तुम्ही काहून जीव जाळून राहिले?”

हे माळाकडेच बघत होते.

“दुसरीकडे पाणी नाही,” हे म्हणाले. “तुले बी माहीत आहे.”