पाय मोजणाऱ्या बाई

बाई रातकिडे घ्यायला आल्या की आधी त्यांचे पाय मोजायच्या. घाटकोपरला माझं पाळीव पक्ष्यांच्या खाद्याचं दुकान आहे. बाकी गिऱ्हाइकं डबा उचलून चालू लागतात. बाई भिंग काढून बसायच्या. पंख न फुटलेली पिल्लंच हवीत, तीही सहा पायांची.

“अहो बाई, मैना काय पाय मोजून खाते?” मी भडकायचो.

“मैना नाही मोजत भाऊ, मी मोजते. हा लंगडा निघाला. भाव कमी करा.”

मुलुंडच्या एका कॉलेजात त्या संशोधन करायच्या. रातकिड्याच्या पिल्लाचा पाय तोडला की दोन-तीन वेळा कात टाकताना तो पुन्हा वाढतो. जखमेपाशी काही प्रथिनं असतात, ती पेशींना किती वाढायचं, कुठे थांबायचं ते कळवतात. त्यातलं एखादं अडवलं की पाय आखूड येतो. मी म्हटलं, “किड्याला थांबायचं कळतं. तुम्हाला भाव पाडताना कळत नाही!” बाई खळखळून हसल्या.

दुकान काढण्याआधी मानखुर्दच्या कारखान्यात प्रेसखाली माझी दोन बोटं गेली. मालकाने दुसऱ्याच दिवशी माझ्या जागी दुसरा माणूस उभा केला. तो राग अजून आहे. हात बघून लोक खोटा धीर देतात. माझी बोटं पुन्हा येतील का, असं मी बाईंना विचारलं तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, “मोठ्या रातकिड्यालाही पाय येत नाही, भाऊ. शेवटची कात टाकली की संपलं.” मला ते आवडलं.

एकदा माल पोचवायला मीच गेलो. बाई जागेवर नव्हत्या. टेबलावर माझ्या दुकानाची चिठ्ठी लावलेला डबा, आत सगळे लंगडे. माझ्या नावावर असला माल? मी ते खिडकीबाहेर टाकले आणि डब्यात धडधाकट भरले. तेवढ्यात बाई आल्या. डबा उघडून भिंगातून पाय मोजू लागल्या.

“पाय मीच तोडले होते, भाऊ. दीड महिन्याचं काम होतं.”

“मग तसं लिहायचं ना डब्यावर!” मी ओरडलो आणि निघून आलो.

बाई भांडायला येतील म्हणून मी तयारीत होतो. त्या आल्याच नाहीत. महिन्याभराने कॉलेजात गेलो तर त्यांची संशोधनाची मुदत संपली होती. कुठे गेल्या, कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी मला चार शिव्या तरी द्यायच्या होत्या. मला ‘चुकलो’ म्हणता आलं असतं.

आता डबे भरताना मीही पाय मोजतो. लंगडं पिल्लू विकत नाही, वेगळ्या बरणीत काकडीवर ठेवतो. काल एकाने कात टाकली. तुटलेल्या पायाच्या जागी बारीकसा पाय दिसला, दोऱ्याएवढा. बाईंचं भिंग हवं होतं.