चंदनाची उदबत्ती आणि दाराची कडी

बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये मुलाने आज चंदनाची उदबत्ती लावली आणि मला म्हणाला, "आई, वीस मिनिटं ध्यानाला बस. विश्वास नसला तरी चालतो."

मला त्या वासाचा राग आहे.

हेब्बाळच्या क्वार्टरमध्ये याचे वडील रोज सकाळी हीच उदबत्ती लावून, आतून कडी घालून बसत. त्यांच्या चपला खोलीबाहेर दिसल्या की दार वाजवायचं नाही, हा घरचा नियम. हा तेव्हा दीड वर्षाचा होता. एका सकाळी तापात याचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. मी याला उचलून दारापाशी धावले आणि चपला पाहून थांबले. आतून चंदनाचा वास येत होता. शांती म्हणे!

शेजारच्या कानडी अक्काने ते पाहिलं. "नियम चुलीत घाल ग!" असं मोडक्या मराठीत ओरडत तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

नवरा चिडूनच बाहेर आला. "स्वल्प थांबता येत नाही?" मग त्यांनी पोराकडे पाहिलं आणि अनवाणीच स्कूटरकडे धावले.

पोर वाचलं. मी वर्षभर नवऱ्यावर धुमसत होते. आता वाटतं, त्यांना तरी आत काही ठाऊक नव्हतं. मला सगळं दिसत होतं, तरी मी चपलांकडे बघत उभी राहिले.

मुलाला म्हटलं, "मी नाही बसायची. तुला बसायचं तर बस. पण कडी लावायची नाही."