आमच्या साडूंचा हलका हात

परभणी जिल्ह्यात आमच्या साडूंच्या हाताखालून न ओरडता उठलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं मी गेल्या वर्षापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार ताडकळस, पोटापाण्याला शेती, पण जीव सगळा तालमीत. तरुणपणी कुस्त्या मारल्या, उतारवयात वस्ताद होऊन पोरांना डाव शिकवले आणि पैलवानांची अंगं रगडता रगडता हाताला अशी काही खोड लागली, की समोर माणूस दिसला आणि तो रगडला नाही तर त्यांना अन्न गोड लागत नाही. रामराम करून हात पुढे करावा, तर ते हात सोडतच नाहीत. अंगठ्यानं चाचपत चाचपत कोपरापर्यंत येतात, तिथून खांद्यावर चढतात आणि वैद्यासारखा चेहरा करून म्हणतात, "मास्तर, शीर आखडली हाय. बसा खाली." नको म्हणायला तोंड उघडावं तोवर आपण खाली बसलेले असतो, आणि उघडलेल्या तोंडातून भलताच आवाज निघालेला असतो.

ताडकळसच्या आठवडी बाजारात ते येताना दिसले, की कंबरदुखीची माणसं ताठ चालायला लागतात. एकदा एका साखरपुड्यात मुलाच्या चुलत्यांनी पाठीत उसण भरल्याची तक्रार केली. केली ती केली, आणि साडू ऐकू येईल एवढ्या अंतरावर केली. त्यांनी चुलत्यांना सतरंजीवर पालथं घातलं, पाठीवर गुडघा ठेवला आणि असा एक कडाका काढला, की स्वयंपाकी पळीसकट बाहेर आला. उसण गेली हे खरं, पण ते चुलते लग्नाला आले नाहीत. दिवाळसणाला आलेल्या स्वतःच्या जावयालाही त्यांनी अंगठीबरोबर मालिश बहाल केली. जावई सभ्य घरचा, ओरडला तो उशीत तोंड खुपसून. पुढच्या दिवाळीला मात्र सुट्टी मिळत नसल्याचा फोन आला. त्यांचा बैलसुद्धा ते तेलाची वाटी घेऊन गोठ्यात शिरले की उठून उभा राहतो, कुठंही दुखत नसल्यासारखा.

या हातातून सुटलेली एकच व्यक्ती, ती म्हणजे त्यांची बायको, आमची अक्का. "माह्या अंगाला हात लावायचं काम न्हाई. मला आजून भाकरी करायच्यात," असं तिनं लग्न झाल्या झाल्या सांगून टाकलं होतं, आणि साऱ्या तालमीला दम देणारा हा माणूस तिच्यापुढं जन्मभर वाटी खाली ठेवून बसला. दोन-तीन वर्षांखाली अक्का गेली. घरात साडू एकटे राहिले. एकुलती एक रेणू येलदरीकडं दिलेली. साडू भाकरी करायला शिकले. ती भाकरी मी खाल्ली आहे. तिच्याबद्दल एवढंच सांगतो, की तीही त्यांनी रगडलेली होती.

आणि अशात रेणूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आपल्याकडं सांगायला लागत नाही. पण माहेरी आईच नाही म्हटल्यावर सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं, की सातव्या महिन्यात रेणूला परभणीला आमच्याकडं आणायचं. मावशी आहे, दवाखाना हाकेवर आहे, आणखी काय पाहिजे? साडू ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मावशीचं घर ते मावशीचं. मी जिता हाय तवर माह्या पोरीचं माहेर बंद पडलं, असं कुणी म्हणू नये."

विहीणबाई, म्हणजे रेणूच्या सासूबाई, स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "समदं खरं हाय, दाजी. पण पोरीची कंबर दुखायलीय, पाय भरून यायलेत. तेल कोण लावणार? तुमी?"

बैठकीतले सगळे हसले. जावई तर जरा जास्तच मोकळेपणानं हसला. साडू हसले नाहीत, आपल्या तळहातांकडं बघत बसले. शेवटी विहीणबाईंनीच तोड काढली, की त्या रेणूला घेऊन ताडकळसला येतील, दोन-चार दिवस राहून बघतील, आणि पटलं नाही तर पोरीला उचलून थेट मावशीकडं नेतील. म्हणजे परीक्षा. साडूंनी ती मांडीवर थाप मारून कबूल केली.

दुसऱ्याच दिवशी ते परभणीत हजर. मला बरोबर घेऊन रेणूच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले आणि आपले दोन्ही पंजे टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, ह्या हातानं पोरीला मालिश करायची हाय. कशी करू सांगा." बाईंनी पंजे पाहिले. मग तपासणीचे कागद पाहिले, सगळं ठीक असल्याची खात्री केली आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, रगडायचं नाही. जोरानं दाबायचं नाही. पोटाला हात लावायचा नाही. पोटऱ्या आणि घोटे तर अजिबात चेपायचे नाहीत. तिला पाठीवर उताणं झोपवायचं नाही, डाव्या कुशीवर वळवायचं, गुडघ्यांमध्ये एक उशी, पाठीला एक. तेल कोमट. हात नुसता फिरवायचा. एखादा पाय एकदम सुजला, लाल झाला, दुखायला लागला, डोकं फार दुखलं, अंगावरून काही गेलं, तर मालिश बंद आणि लगेच दवाखाना. आणि ती नको म्हणाली तर नको."

साडूंनी पंजे उलटेसुलटे करून पाहिले. "बाई, रगडायचं न्हाई, दाबायचं न्हाई, तर मग ह्याला मालिश कामून म्हणायचं?"

"तिला बरं वाटावं म्हणून," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी दोन पावलं मागं सरलो. "मास्तर, पैलवानावर शिकून उपेग न्हाई. त्यांच्या अंगावरून हत्ती चालला तरी गुदगुल्या होत्यात. तुमी लय नाजूक. तुमच्यावर शिकतो."

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी मला ताडकळसला जावं लागे. बायकोनंच पाठवलं. म्हणाली, "माझ्या बहिणीच्या पोरीसाठी एवढं करा." दुपारी जेवण झालं, की साडू मला डाव्या कुशीवर झोपवत, गुडघ्यांत उशी घालत, पाठीला लोड लावत आणि करडईच्या कोमट तेलाची वाटी घेऊन पायाशी बसत. वर बजावत, "उताणं व्हायचं न्हाई मास्तर. सातवा चालू हाय." पहिल्या दिवशी मी ओरडलो. दुसऱ्या खेपेलाही ओरडलो, पण जरा खालच्या पट्टीत. शेजारची म्हातारी दारातून डोकावली, मला त्या थाटात पहुडलेला पाहून तिनं पदर तोंडाला लावला, आणि गावभर झालं, की वस्तादांनी मास्तरांचे डोहाळे पुरवायला घेतलेत. पुढच्या बाजारात एका भाजीवालीनं मला चिंचा फुकट दिल्या. घेतल्या मी. अपमान झाला म्हणून चिंच का सोडा?

हात हलका झाला हे कसं ओळखायचं? साडूंचा हिशोब सोपा होता. मास्तर झोपले तर पास. सुटका व्हावी म्हणून एकदा मी डोळे मिटून जोरात घोरायला लागलो. साडूंचा हात थांबला. "खोटं घोरायलात, मास्तर," ते म्हणाले. "झोपलेल्या माणसाची बोटं सैल पडत्यात. तुमची बोटं आजून मला भ्यायलीत." आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पण खरं सांगतो, दिवाळीच्या आसपास एका दुपारी मी सपशेल झोपलो. उठलो तेव्हा चार वाजून गेले होते, अंगावर चादर होती, आणि साडू उंबऱ्यावर बसून स्वतःशीच हसत होते. वाटलं, अक्का असायला पाहिजे होती.

ठरल्याप्रमाणे विहीणबाई रेणूला घेऊन आल्या. मी आणि माझी बायको आधीच पोचलो होतो. बायकोनं साडूंना वाटणी करून दिली होती, "पाठ-कंबर माझ्याकडं, पाय आणि डोकं तुमच्याकडं." जेवणं झाली. साडूंनी उशा मांडल्या, तेल कोमट केलं, आपल्या मनगटावर घालून पाहिलं, रेणूच्या पायाशी बसले आणि हात पुढं केला. तशी रेणूनं पाय आखडून घेतले.

"नको, बाबा. तुमी माह्या पायाला हात लावायचा? मला पाप लागंल."

झालं! उशा, तेल, कूस, सगळ्याची तालीम आम्ही केली होती, आणि बापानं लेकीच्या पायाला हात लावायचा कसा, हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझे पाय, त्यांना कसली पापपुण्याची भीती! विहीणबाई भिंतीला टेकून बघत होत्या. माझी बायको पुढं व्हायला लागली. साडूंनी हात मागं घेतला. ती नको म्हणाली तर नको, हे बाईंचं वाक्य त्यांना आठवलं असणार. वाटी खाली ठेवून ते उठलेच होते, पण मग पुन्हा बसले.

"रेणू," ते म्हणाले, "तुह्या लग्नात आमी तुहे पाय धुतले का न्हाई? तुह्या आईनं पाणी वतलं, म्या हातानं धुतले. समद्या मांडवासमोर. तवा न्हाई लाजलीस. आज पाणी वताया ती न्हाई, एवढंच. धुवायचा हात तर त्योच हाय, बाई."

 रेणूनं डोळे पुसले आणि पाय हळूच बापाच्या मांडीवर ठेवले.

तो हात मी पाहिला. तालमीतल्या पोरांना उचलून आपटणारा हात, झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरावा तसा त्या सुजलेल्या पावलांवरून फिरत होता. थोड्या वेळानं रेणूच्या पायाची बोटं सैल पडली. साडूंनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. ती झोपली आणि साडू अडकले, कारण तिचे पाय त्यांच्या मांडीवर. खत मागायला एक जण आला, त्याला डोळ्यांनीच परत पाठवलं. तालमीतली दोन पोरं "वस्ताद" म्हणून हाक मारत आली, त्यांच्यावर असे डोळे वटारले, की ती उलट्या पावली गेली. मांडीला मुंग्या येऊन चेहरा लालबुंद झाला, पण माणूस हलला नाही. उन्हं कलली तशा विहीणबाई उठल्या, आपली पिशवी भरली आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "मला सांजच्या गाडीला बसवून द्या. हितं माहं काय काम हाय?" दारात थांबून, जरा लाजत, पुढं म्हणाल्या, "दाजी, बाळंतपण झाल्यावर माह्या गुडघ्याचं पण बघा."

रेणूला मुलगी झाली. दवाखान्यात झाली, सुखरूप झाली, आणि पेढे एवढे वाटले गेले, की दुकानदारानंच विचारलं, जुळं झालं का? नात सव्वा महिन्याची झाली आणि मायलेकी सासरी गेल्या. साडूंच्या हाताला मात्र तीच सवय राहिली. तालमीतली पोरं तक्रार करतात, की वस्ताद आता जोर लावत नाहीत, नुसता हात फिरवतात, आणि कुस्तीच्या आधी झोप येते. बैलसुद्धा हल्ली वाटी बघून उठत नाही.

परवा ते अचानक परभणीला आले. चहा झाला, नातीचे फोनमधले फोटो दाखवून झाले. घर कसं आहे म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "घराला काय धाड भरली? हाय की जाग्यावर." जरा वेळानं म्हणाले, "मास्तर, पडा जरा. हात इसरंल न्हाई तर." मी निमूटपणे डाव्या कुशीवर वळलो. गुडघ्यांत उशी मीच घातली. ते पायाशी बसले आणि हात फिरवायला लागले, हलका, कोमट, न संपणारा. मला झोप कुठली यायला? पण मास्तर झोपले तर पास, हा हिशोब मला पाठ होता. मी डोळे मिटले आणि जोरात घोरायला लागलो.

माझी बोटं सैल पडलेली नाहीत, हे त्यांना कळलंच असणार. पण या वेळी त्यांचा हात थांबला नाही.