चार दांडे

नेवाशाजवळच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि सुतारमास्तर शेजारच्या शेडमध्ये पोरांना सुतारकाम शिकवायचे. माणूस अबोल. पोरानं केलेल्या स्टुलाचा सांधा ते डोळे मिटून अंगठ्यानं चाचपायचे आणि म्हणायचे, "परत." दिवसभर शेडमधून हाच एक शब्द ऐकून माझं डोकं उठायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला सांधा जमला, की पोराच्या हातात पटाशी द्यायचे. "खाली नाव कोर. तुजं काम हाय." आपल्या स्टुलाखाली नाव कोरल्याशिवाय कुणी पोरगा तिथून बाहेर पडला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात शेडमध्ये लाकूड यायचं थांबलं. थोरली पोरं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. आठ दिवसांनी त्यातली चौघं आली, ती हातोड्यांना दांडे मागायला. तळहात सोलून निघाले होते.

मला वाटलं, मास्तर चिडतील. त्यांनी आपलं बसायचं बाभळीचं बाक मोडलं आणि चार दांडे काढले. रंधा मारून झाल्यावरही ते काचेच्या तुकड्यानं बराच वेळ घासत बसले, कुठं हाताला खुपू नये म्हणून.

एका पोरानं सवयीनं पटाशी उचलली आणि दांड्यावर नाव कोरायला घेतलं. मास्तरांनी ती हळूच त्याच्या हातातून काढून घेतली.

"ह्याच्यावर नको," म्हणाले. "हे तुजं काम न्हाई."